चढणीची वाट आणि धरणाची भिंत

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हाकाटी होते, ‘चढण लागली!’ नदीतले, डोहातले मासे गढूळ पाण्याची चाहूल लागताच उलटे फिरतात. प्रवाहाच्या विरुद्ध ते ओढ्यात शिरतात, ओढ्यातून ओहोळात आणि ओहोळातून थेट भातखाचरात. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात. गाबोळीने भरलेल्या माद्या उथळ, ऊबदार, नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर अंडी घालतात. पिल्ले तिथेच दोन-चार आठवडे वाढतात आणि पाणी ओसरण्याआधी नदीला परत येतात.

हा सोहळा जवळून पाहायचा तर अशा वेळी गावाखालच्या एखाद्या बंधाऱ्यावर जाऊन उभे राहावे. भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीटची फरशी असते आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा वेगाने वाहत असतो. बोटाएवढे मळ्ये मासे त्या पडद्यात शेपूट आपटत वीतभर पुढे सरकतात, भिंतीला धडकतात आणि घरंगळत खाली येतात. क्षणभर दम घेतात, पुन्हा निघतात. पाग टाकणाऱ्याला तिथे नेम धरावा लागत नाही, कारण सगळी चढण त्या एका भिंतीशी येऊन साचलेली असते. भिंत असते पुरुषभर उंच. पलीकडे तीच नदी, तेच पाणी. माशाला मात्र तिथे जग संपते.

नदी अडवायची तर माशाला वाट कशी द्यायची, या प्रश्नाशी जगभरचे अभियंते आणि मत्स्यशास्त्रज्ञ शतकाहून अधिक काळ झुंजत आहेत. त्यांनी शिड्या बांधल्या, पाळणे बसवले, मासे ट्रकमधून आणि बोटींतून वाहून नेले. शेवटी काही ठिकाणी धरणेच पाडली. या साऱ्या खटाटोपातून काय हाती लागले आणि आपल्या नद्यांसाठी त्यातले काय घेण्याजोगे आहे, याचा हा आढावा.

प्रवास कशासाठी?

स्थलांतर करणाऱ्या माशांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. सामन आणि हिलसा यांचा जन्म गोड्या पाण्यातला, वाढ समुद्रातली, आणि विणीसाठी ते पुन्हा नदीत येतात. अहिरीचे, म्हणजे नदीतल्या सापासारख्या लांबट माशाचे, नेमके उलटे असते. ती समुद्रात जन्मते, बोटभर लांबीची असताना नदीमुखात शिरते, वर्षानुवर्षे डोंगरातल्या डोहांत वाढते आणि आयुष्यात एकदाच, अंडी घालायला, समुद्राकडे परतते. तिसरा गट नदीतल्या नदीत फिरणाऱ्यांचा. आपली खडशी, म्हणजे दख्खनी महाशीर, या गटातली. पावसाळ्यात ती वरच्या अंगाला, खडकाळ, खळाळत्या पाण्याकडे निघते.

या प्रवासांची लांबी किती असू शकते याचा दाखला पुण्यातच आहे. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या खडशीला शास्त्रीय नाव मिळाले ते त्या निबंधात, आणि दख्खनच्या अहिरीला त्यांनी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले ते त्यातच. मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतल्या डोहात सापडणारी अहीर पूर्व किनाऱ्यावरून, हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेली असे. आज तिच्या वाटेवर प्रकाशम बंधारा आहे, नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि जुराला आहेत, आणि भीमेवर उजनी आहे.

हे दुखणे जगभरचे आहे. गोड्या पाण्यातल्या स्थलांतरी माशांच्या ज्या समूहांवर शास्त्रज्ञ लक्ष ठेवून आहेत, त्यांची संख्या १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८१ टक्क्यांनी घटली. त्याला प्रदूषण आणि अतिमासेमारी ही कारणे आहेतच, पण नद्यांची अडवणूक हे कारण वरच्या क्रमांकावर आहे. एकट्या युरोपात नद्यांवर किमान १२ लाख अडथळे असल्याचा अंदाज २०२० मध्ये मांडला गेला, आणि त्यातले बहुतेक मोठी धरणे नव्हेत, तर छोटे बंधारे, मोऱ्या आणि उतार आहेत. मोठ्या धरणांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. ती दोन हजारांहून अधिक आहेत. छोट्या बंधाऱ्यांची तर गणतीच निराळी.

शिडी कशी चालते?

माशाला उंची चढता येत नाही असे नाही. त्याला अडतो पाण्याचा वेग. प्रत्येक जातीच्या अंगात थोडा वेळ जोर लावण्याची आणि बराच वेळ पोहत राहण्याची ठरावीक ताकद असते. म्हणून मत्स्यमार्गाचे मूळ तत्त्व सोपे आहे. मोठ्या उंचीचे छोटे तुकडे पाडायचे आणि मध्ये विसाव्याला जागा ठेवायची. सगळ्यात जुनी रचना म्हणजे एकावर एक हौद. पाणी एका हौदातून दुसऱ्यात पडते आणि मासा उडी मारत वर जातो. स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्री धरणाला अशा ३४ हौदांची शिडी आहे. बेल्जियमचे अभियंते गुस्ताव्ह डेनिल यांनी १९०९ मध्ये दुसरी युक्ती काढली. उतरत्या अरुंद पाटाच्या तळाला आणि कडेला पट्ट्या बसवल्या की पाणी स्वतःशीच झुंजते, त्याचा वेग मरतो आणि माशाला मधून वाट मिळते.

तिसरी रचना एका अपघातातून आली. कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या हेल्स गेट नावाच्या घळीत रेल्वेमार्गाच्या कामामुळे १९१४ मध्ये दरड कोसळली. नदी अरुंद झाली, वेग वाढला आणि सामनचे थवेच्या थवे घळीखाली अडकून मेले. तिथे पाण्याची पातळी दिवसागणिक कित्येक फूट वर-खाली होई, त्यामुळे हौदांची साधी शिडी निरुपयोगी होती. १९४५-४६ मध्ये तिथे उभ्या फटींचा मार्ग बांधला गेला. यात हौदांमधल्या भिंतींना वरपासून खालपर्यंत एक फट असते. मासा तळाशी पोहणारा असो वा पृष्ठभागाशी, पाणी कमी असो वा जास्त, त्याला उडी न मारता पलीकडे जाता येते. आज जगात बहुविध जातींसाठी जे मार्ग बांधतात ते बहुतांशी याच तत्त्वावर.

याखेरीज माशांचे पाळणे असतात, नौकांसाठी असतात तशी दुहेरी दारांची कुंडे असतात. सगळ्यात चांगला मानला जातो तो धरणाला वळसा घालून काढलेला, दगडगोट्यांचा, ओढ्यासारखाच दिसणारा पाट. जागा मिळाली तर मासे, खेकडे, कोळंबी असे सगळेच त्यातून जाऊ शकतात.

पण शिडीचे यश तिच्या आतल्या बांधणीपेक्षाही तिच्या दारावर अवलंबून असते. मासा चढतो तो प्रवाहाचा माग काढत. वीजघरातून किंवा सांडव्यावरून नदीचे पाणी धो धो पडत असेल आणि शिडीतून मात्र करंगळीएवढी धार येत असेल, तर मासा जाणार धो धो पाण्याकडेच. तिथे तो दिवसेंदिवस डोके आपटत राहतो आणि त्याची ताकद संपते. म्हणून शिडीचे तोंड मुख्य प्रवाहाच्या लगत हवे आणि तिला पुरेसे पाणी सोडायला हवे. हे पाणी म्हणजे वीज किंवा सिंचन. कागदावर शिडी मंजूर होते, पण तिला पाणी देण्याची वेळ आली की हात आखडतो.

आठ धरणांचा हिशेब

या विद्येची सगळ्यात मोठी शाळा म्हणजे अमेरिकेच्या वायव्येतली कोलंबिया नदी. १९३८ मध्ये तिच्यावर बॉनव्हिल धरण झाले आणि त्याला पहिल्यापासून शिड्या होत्या. शिडीच्या भिंतीत काचेची खिडकी आहे. तिच्यामागे बसलेला माणूस जाणारा प्रत्येक मासा ओळखून त्याची नोंद करतो. हा हिशेब १९३८ पासून चालू आहे. शिड्या चालतात. मोठे सामन बॉनव्हिल ओलांडतात यात शंका नाही.

तरीही कोलंबियाचा सामन सावरला नाही. एक कारण म्हणजे सगळ्याच धरणांना शिड्या नव्हत्या. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिलेले ग्रँड कूली धरण दीडशे मीटरहून उंच आहे आणि त्याला कोणतीही वाट ठेवलेली नाही. वरचे केटल फॉल्स धबधबे जलाशयात बुडणार होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे सामन पकडणाऱ्या आदिवासी जमाती जून १९४० मध्ये त्यांना निरोप देण्यासाठी जमल्या. तो मेळावा ‘अश्रूंचा सोहळा’ म्हणून ओळखला जातो.

दुसरे कारण जास्त शिकवणारे आहे. आयडाहोतल्या रेडफिश तळ्यात जन्मणारा सॉकाय सामन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि जवळजवळ २,००० मीटर उंचीवर येतो. त्याच्या वाटेत आठ धरणे आहेत, आणि आठही धरणांना शिड्या आहेत. समजा प्रत्येक शिडीने शंभरातले पंचाण्णव मासे वर पोहोचवले. ऐकायला हे उत्तम वाटते, पण आठ धरणांनंतर शंभरातले सहासष्टच उरतात. प्रत्येक ठिकाणी नव्वद जमले तर उरतात त्रेचाळीस. आणि हा झाला फक्त जातानाचा हिशेब.

परतीच्या वाटेवर पिल्ले असतात, वीतभर लांबीची. पूर्वी बर्फ वितळल्याचा लोंढा त्यांना काही दिवसांत समुद्राला नेई. आता त्यांना एकापाठोपाठ एक साचलेले जलाशय पोहून पार करावे लागतात. तिथे पाणी तापलेले असते आणि शिकारी मासे टपलेले असतात. टर्बाइनमधून गेली तर पात्याचा मार बसतो, आणि त्याहून घातक असतो क्षणात बदलणारा दाब. सांडव्यावरून सोडली तर बरी, पण फार उंचावरून पाणी पडले की त्यात हवा विरघळते आणि माशांच्या रक्तात बुडबुडे होतात. म्हणून तिथे पिल्लांना जाळ्यांनी बाजूला वळवून बोटींत भरून आठ धरणांच्या खाली नेऊन सोडण्याचा उद्योग चालू झाला. अंगात तांदळाच्या दाण्याएवढ्या खुणा घालून त्यांचा माग ठेवला जातो. एवढे करून १९९२ मध्ये रेडफिश तळ्यात परतला तो एकच सॉकाय, आणि तोही नर. त्याच्यासारख्या मोजक्या माशांच्या जपून ठेवलेल्या वंशावळीच्या आधारे ती जात आज कशीबशी तगवून धरली आहे.

कोलंबियाचा धडा असा की मासा वर चढवला म्हणजे काम झाले, असे होत नाही. त्याला येण्याची वाट हवी, परतीची वाट हवी आणि मधले पाणी वाहते हवे.

उसनी शिडी

सामन हा जोरकस, उडी मारणारा मासा. जगातल्या बहुतेक शिड्या त्याच्या मापाच्या बेतल्या गेल्या आणि मग त्या मापाने जगभर नेल्या गेल्या. घोळ तिथे झाला.

अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावर शॅड नावाचा मासा आहे. तो आपल्या हिलसाच्या कुळातला, लाजरा, उडी न मारणारा. सस्क्वेहाना, कनेक्टिकट आणि मेरिमॅक या तीन नद्यांवरच्या शिड्या आणि पाळण्यांचा हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला. पहिल्या धरणाशी आलेल्या शॅडपैकी तीन टक्क्यांहून कमी मासे सगळी धरणे ओलांडून जुन्या विणीच्या जागी पोहोचत होते. त्या तिन्ही नद्यांवर पैसा, कायदा आणि शास्त्रज्ञ यांची कमतरता नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या मरे नदीवर आधी सामनच्या मापाचे मार्ग बांधले गेले. तिथले देशी मासे त्यांत शिरेचनात. मग आधी प्रयोगशाळेत त्या माशांची पोहण्याची ताकद मोजली गेली आणि त्यानुसार कमी उताराचे, उभ्या फटींचे मार्ग १९९० च्या दशकापासून बांधले गेले. पुढे समुद्रापासून ह्यूम धरणापर्यंतच्या दोन हजार किलोमीटरहून लांब पट्ट्यात ओळीने असे मार्ग झाले. आधी मासा, मग शिडी हा क्रम पाळल्याने काम झाले.

थायलंडमध्ये हा क्रम उलटा झाला. मेकाँगच्या मून उपनदीवर १९९४ मध्ये पाक मून धरण पूर्ण झाले. त्याला शिडी दिली होती, पण मेकाँगमधल्या शेकडो जातींपैकी फारच थोड्या तिच्यातून गेल्या. मासेमारीवर जगणाऱ्या हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. २००१ मध्ये सरकारने धरणाचे सगळे दरवाजे वर्षभर उघडले. त्या काळात गावकऱ्यांनी स्वतः नोंदी ठेवल्या आणि शंभराहून अधिक जाती परतल्याचे दाखवून दिले. दरवाजे उघडताच वर्षभरात नदी पुन्हा नांदती झाली. नंतर मात्र दरवाजे वर्षातले काही महिनेच उघडायचे ठरले.

ब्राझीलने आणखी एक गोष्ट शिकवली. तिथल्या मोठ्या धरणांच्या शिड्यांवरून मासे खूप चढले. वर मात्र मोठा संथ जलाशय, विणीला जागा नाही, आणि अंडी घातलीच तर ती वाहून न जाता तळाशी बसून मरतात. मासे परतही येईनात. अशी शिडी म्हणजे सापळाच, असा निष्कर्ष ब्राझीलच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. शिडी बांधण्याआधी वर माशासाठी काही उरले आहे का, हे पाहायलाच हवे.

हिलसा : चार नद्यांची एकच कहाणी

आपल्या उपखंडात या प्रश्नाचा मुख्य नायक हिलसा. आपल्या किनाऱ्यावर त्याला पाला म्हणतात, सिंधी लोक पल्ला म्हणतात. उल्हासनगरात चेटीचंडच्या मिरवणुकीत झुलेलालची मूर्ती पाहिली असेल तर तिच्याखालचा मासा आठवून पाहावा. तो हाच पल्ला. सिंधूच्या प्रवाहाविरुद्ध पोहत तो सक्करजवळच्या जिंदा पीराच्या दर्शनाला जातो, अशी तिकडची श्रद्धा. पूर्वी तो मुलतानपर्यंत जाई. १९३२ मध्ये सक्करला बंधारा झाला, १९५५ मध्ये खाली कोटरीला दुसरा झाला आणि पल्ल्याची यात्रा कोटरीशीच अडली. फाळणीनंतर इकडे आलेल्या सिंध्यांच्या देव्हाऱ्यात मासा आहे, तिकडच्या सक्करच्या पाण्यात तो जवळजवळ नाही.

कावेरीत मेट्टूर धरण १९३४ मध्ये झाले आणि वरच्या कावेरीतला हिलसा संपला. खालच्या अंगाला कोळ्ळिडम शाखेवरच्या अणेकट्टावर, म्हणजे बंधाऱ्यावर, माशांसाठी मार्ग करून पाहिला गेला, पण उडी न मारणाऱ्या हिलसाला त्याचा उपयोग झाला नाही. गंगेत हिलसा अलाहाबाद, कानपूर आणि त्याही वर जाई. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. सव्वादोन किलोमीटर लांबीच्या त्या भिंतीमुळे बिहार-उत्तर प्रदेशातली हिलसाची मासेमारी जवळजवळ बंद पडली. २०१९ मध्ये सरकारने एक योजना जाहीर केली. विणीच्या हंगामात पहाटे एक ते पाच फराक्काच्या नव्या नौकाद्वाराची झडप आठ मीटर उघडी ठेवायची. शिवाय बराकपूरची केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्था बंधाऱ्याच्या वर खुणा केलेले हिलसा सोडत आली आहे. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत, पण दार उघडल्यावर किती मासे चढले आणि किती पिल्ले परतली, हा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यायला हवा. पश्चिमेकडे नर्मदेच्या मुखाशी, भरूचजवळ भाडभूतला, बंधाऱ्याचे काम हाती घेतले आहे आणि तिथल्या मच्छीमारांना हीच धास्ती आहे.

यातले काही अनपेक्षित नव्हते. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या अहवालातच बंधारे माशांची वाट अडवतात हे सरकारला सांगितले होते. सुंदरलाल होरा यांनी १९४० मध्ये धरणे आणि स्थलांतरी मासे याच विषयावर लिहिले होते. माहिती होती, ती नकाशा आखणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचली नाही.

बोटुकली सोडली म्हणजे झाले?

शिडी जमत नसेल तर हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र, काढा, हा सगळीकडचा आवडता तोडगा. चीनमध्ये यांगत्सेवर १९८१ मध्ये गेझोबा धरणाने नदी अडवली. शिडी ठेवली नाही. स्टर्जन माशासाठी हॅचरी काढली गेली. यांगत्सेचा महाकाय पॅडलफिश मात्र कोणालाच बंदिस्त जागी वाढवता आला नाही. तो शेवटचा जिवंत दिसला २००३ मध्ये आणि २०२२ मध्ये ती जात अधिकृतपणे नामशेष ठरली.

आपल्या लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महाशीरचे प्रजनन केंद्र चालते. देशभर महाशीर तगवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण त्या बिजाची कहाणी सावध करणारीही आहे. दख्खनी महाशीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, कावेरीत सोडली गेली. तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा मोठ्या कुबडाचा महाशीर मागे पडत गेला. त्या माशाला पक्के शास्त्रीय नाव मिळून तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला २०१८ मध्ये. हॅचरी हा दवाखाना आहे, घर नव्हे. नदीला तिचीच वाट मोकळी करून देण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

भिंत काढली तेव्हा

अमेरिकेत मेन राज्यात केनेबेक नदीवर १८३७ पासून उभे असलेले एडवर्ड्स धरण १९९९ मध्ये काढले गेले. ते जेमतेम साडेतीन मेगावॉट वीज देत होते. मालकाची इच्छा नसताना परवाना नाकारून धरण काढायला लावण्याची तिथली ती पहिलीच वेळ. त्यानंतर हेरिंगवर्गीय मासे लाखोंच्या संख्येने वर जाऊ लागले.

वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये दोन धरणे झाली. माशांना वाट ठेवण्याचा कायदा असूनही ती विनावाट बांधली गेली आणि शंभर वर्षे सामनला खालच्या आठ किलोमीटरवर गुजराण करावी लागली. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही पाडली. जलाशयांत अडकलेला दोन कोटी टनांच्या घरातला गाळ समुद्राकडे निघाला आणि मुखाशी नवा किनारा तयार झाला. पाणी उतरले तेव्हा तिथल्या क्लॅलम जमातीच्या लोकांची, आपली उत्पत्ती जिथे झाली असे ते मानतात ती, पवित्र जागा पुन्हा उघडी पडली. सामन वर गेले. २०२३ मध्ये त्या जमातीने पुन्हा विधीपूर्वक मासेमारी केली.

सगळ्यात मोठे काम झाले क्लॅमथ नदीवर. २००२ मध्ये तिच्या खालच्या टप्प्यात कमी आणि तापलेल्या पाण्यामुळे रोग पसरून तीस हजारांहून अधिक सामन मेले होते. युरोक, करुक आणि इतर जमातींनी वीस वर्षे लढा दिला. २०२३-२४ मध्ये चार धरणे काढली गेली आणि सुमारे ६५० किलोमीटर लांबीचे प्रवाह मोकळे झाले. काम संपल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वरच्या ओरेगॉनमधल्या उपनदीत सामन दिसला. तिथे तो १९१२ नंतर प्रथमच पोहोचला होता. वाट कोणी दाखवली नव्हती, ती फक्त मोकळी केली होती.

ही धरणे म्हातारी होती, थोडी वीज देणारी होती. तहानलेल्या दुष्काळी तालुक्याचे पाणी साठवणाऱ्या धरणाला हा न्याय लावता येणार नाही आणि लावूही नये. पण गाळाने भरलेले, फुटके, ज्याचा वापर थांबला आहे असे बंधारे आपल्याकडेही आहेत. ते काढणे हा पर्याय आपल्या यादीत असायला हवा. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात २०३० पर्यंत २५,००० किलोमीटर नद्या मुक्त वाहत्या करण्याचे उद्दिष्ट घातले आहे. आपल्याकडे असा आकडा अजून कोणी मांडलेला नाही.

दार वेळेवर उघडणे

सगळ्यात स्वस्त उपाय नेदरलँड्सच्या उट्रेख्त शहरात दिसतो. तिथल्या कालव्याचे जुने नौकाद्वार वसंतात, नेमके मासे चढायच्या काळात, क्वचितच उघडले जाई. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. जगभरातून कोणीही तो पाहू शकतो आणि दाराशी मासा ताटकळलेला दिसला की घंटा वाजवू शकतो. मग कर्मचारी दार उघडतो. नवी भिंत नाही, शिडी नाही. आहे तेच दार माशाच्या वेळेला उघडायचे, इतकेच.

हे वाचताना आपल्याला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आठवायला हवेत. त्यांच्या खांबांमधल्या गाळ्यांत लोखंडी बरगे बसवलेले असतात. पावसाळ्यापूर्वी बरगे काढायचे, पूर आणि गाळ जाऊ द्यायचा आणि पाऊस सरल्यावर पुन्हा घालायचे, अशी त्यांची मूळ रीत. ती पुरासाठी ठरली, पण माशांसाठीही ती उत्तम आहे. चढणीच्या हंगामात नदी मोकळी राहते, परतीच्या पिल्लांनाही गाळे उघडे मिळतात. बरगे काढायला उशीर झाला तर पूर शेतात शिरतो हे शेतकऱ्याला माहीत आहे. त्याच उशिराने चढणीचा पहिला, सगळ्यात मोठा लोंढा भिंतीशी अडून जाळ्यात जातो, हे मात्र कुठेच नोंदले जात नाही.

महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळश्याला देवाच्या नावाने महाशीर राखले आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी जाळे टाकत नाही. ही राखण मोलाची आहे. पण देवाच्या डोहातल्या माशालाही पावसाळ्यात डोहाबाहेर जायचे असते आणि तिथे कोणी राखणदार नसतो.

निकाल काय?

शतकभराच्या खटाटोपाचा निकाल लावायचा तर क्रम असा लागतो. जिथे मोठी वीण होते त्या उपनद्या मोकळ्या ठेवणे सगळ्यात चांगले. त्याखालोखाल निकामी भिंत काढणे. मग असलेली दारे हंगामात उघडणे. शिडी त्यानंतर, आणि तीही त्या नदीच्या माशांची ताकद मोजून, पुरेसे पाणी देऊन, येण्या-जाण्याच्या दोन्ही वाटांचा हिशेब ठेवून. हॅचरी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा चालतो.

महाराष्ट्रात यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायची गरज नाही. बरगे काढण्याची तारीख जलसंपदा विभागाने चढणीशी जोडावी आणि ती गावच्या फलकावर लावावी. बंधाऱ्याखालच्या फरशीवर दगडगोट्यांचा उतार रचावा. रस्त्याच्या मोरीचा पाइप ओढ्याच्या तळापेक्षा उंच बसवू नये, म्हणजे त्याच्या तोंडाशी धबधबा होणार नाही. पहिल्या पंधरवड्यात बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाळे टाकायचे नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. आणि चढण कोणत्या दिवशी लागली, कोणते मासे आले, हे शाळेतल्या मुलांनी वहीत लिहून ठेवावे. बॉनव्हिलच्या खिडकीत बसलेला माणूस १९३८ पासून याहून वेगळे काही करत नाही.

पुढच्या मृगात आपल्या गावच्या बंधाऱ्यावर जा. बरगे निघाले आहेत का ते पाहा. निघाले नसतील तर ज्याच्याकडे ते काम आहे त्याला त्याच दिवशी सांगा, कारण चढण फार दिवस थांबत नाही.